वाट्याला आलेलं दार

चैत्रापासून प्रमिलाताई घरातल्या एकाही दाराला कडी घालत नव्हत्या. न्हाणीघराच्यासुद्धा नाही.

सक्तीची सैन्यभरती रद्द झाली तेव्हा याच बाईने आळीभर पेढे वाटले होते. आता हौस असेल त्यानेच लढायचं. बाकीच्यांवर सक्ती उरली ती एका दिवसाची. तालुक्याच्या दवाखान्यात जायचं, डोक्याला पट्टा बांधून घ्यायचा आणि कुठल्याशा जवानाची नकोशी आठवण आपल्या डोक्यात घेऊन घरी यायचं. जवान मोकळा, पुन्हा लढायला तयार.

प्रमिलाताईंच्या वाट्याला एक दार आलं होतं. आतून बायकापोरं ते बडवत होती आणि बाहेरून एक डावा हात शांतपणे कडी घालत होता. अंगठ्याला नख नव्हतं. मग नुसता धूर.

फौजेतून दोन वर्षांनी सुट्टीवर आलेला त्यांचा अभिराज मटणावर ताव मारत होता.

"आई, आणखी पाच वर्षांची सही केली. माझी मी, कुणी जबरदस्ती नाही केली."

"तिकडे तुझ्या हातून काय काय झालं रे?"

"काही आठवत नाही बघ. झोप कशी गाढ लागते!"

तेवढ्यात मागच्या दारातून मांजर आत शिरलं. अभिराजने उठून ते हुसकलं, दार लोटलं आणि डाव्या हाताने कडी घातली. त्या अंगठ्याला नख नव्हतं.

प्रमिलाताईंच्या हातातली पळी खाली पडली.

"दवाखान्यातलं आठवलं का?" तो कळवळून म्हणाला. "कुणा नालायकाचं पाप ते. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"