सेक्रेटरीचा राजीनामा

"विषय पाचवा. लिफ्टसमोरच्या चपला," अध्यक्ष मिस्टर ओंगनी वाचलं, आणि नागसेननं शर्टाच्या खिशातला राजीनामा पुन्हा एकदा चाचपून पाहिला.

सिंगापुरातल्या आंग मो किओ वस्तीत त्यांच्या ब्लॉकची रेसिडेंट्स कमिटी महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, तळमजल्यावरच्या खोलीत भरे. चपला, कुंड्या, मांजरं. डेंग्यूचं वर्ष होतं, म्हणून यंदा कुंड्यांखालच्या बशाही. मांजरांचं तर चौदा महिने भिजत घोंगडं पडलं होतं. नागसेन कमिटीचा सेक्रेटरी. चार वर्षांपूर्वी कोणीतरी विचारलं, लिहायला इंग्रजी कोणाचं चांगलं, आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले. बिचारा हो म्हणून बसला.

तेव्हापासून त्याचा डिसेंबर त्याचा राहिला नाही. लेकीच्या, स्नेहलच्या शाळेला मोठी सुट्टी डिसेंबरात, आणि कमिटीची वर्षअखेरची पार्टीही डिसेंबरात. खुर्च्या सेक्रेटरीनं मागवायच्या, लकी ड्रॉच्या चिठ्ठ्याही त्यानंच करायच्या. नागपूरला आईकडे जाणं राहिलं. एकदा नाही, तीनदा.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजताय तुम्ही," नंदा आज सकाळी नवऱ्याला म्हणाली होती. "या डिसेंबरात मी आणि स्नेहल आईंकडे जाणार. तुम्ही यायचं की पार्टीचे फुगे फुगवायचे, ते आज ठरवून या."

ठरवायचं काय होतं? पण नागसेन पडला भिडस्त. यापूर्वी दोनदा तो राजीनामा द्यायला गेला आणि दोन्ही वेळा नवं काम गळ्यात घालून घरी आला. पहिल्यांदा डासांचं, दुसऱ्यांदा कंदिलांच्या मिरवणुकीचं. खरं कारण सांगायची त्याला लाज वाटे. चाळिशी उलटलेला इंजिनियर, आणि चारचौघांत आईकडे जायचंय असं कसं सांगायचं? म्हणून या वेळी त्यानं पत्रात ठोकून दिलं होतं, कंपनीत शिफ्ट बदलली.

चपलांचा निकाल लागला. दारात दोन जोड चालतील, तिसरा घरात. मग नागसेन उठला, घसा खाकरला आणि पत्र वाचून दाखवलं.

"शिफ्ट?" मिस्टर ओंग म्हणाले. ते निवृत्त हेडमास्तर. खोट्या चिठ्ठ्या ओळखण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे नीट पाहिलं, पण बोलले इतकंच, "कोणाची हरकत?"

कोणाचीच नव्हती. शेजारी बसलेल्या मॅडम रोहायांना वाईट वाटलं, त्यांनी करी पफची, तिखट सारणाच्या करंज्यांची, बशी त्याच्यापुढे सरकवली. राजीनामा मंजूर झाला. तसं वहीत लिहायचं कामही रोहायांनीच अंगावर घेतलं. चार वर्षांचं ओझं दोन मिनिटांत उतरलं. नागसेनला इतकं हलकं वाटलं की त्यानं लागोपाठ दोन करी पफ खाल्ले. सगळ्यांशी हात मिळवले. दाराशी पोचला आणि वळून म्हणाला, "ओके, आय कम."

मॅडम रोहायांचं पेन थांबलं. "कम? आत्ताच तर सोडलंत तुम्ही."

"येतो म्हणाला ना," मागून कोणीतरी खास सिंगापुरी 'लाह' लावत खुशीत म्हणालं. "लिहून घ्या लाह. पुढच्या महिन्यात येतोय."

ज्या इंग्रजीपायी चार वर्षं राबलो त्यानंच ऐन उंबरठ्यावर दगा द्यावा, याचं नागसेनला रडावं की हसावं कळेना. "तसं नाही," तो घाईघाईनं सांगायला लागला. "आमच्या भाषेत निघताना जातो म्हणत नाहीत. बरं नसतं ते. येतो म्हणतात. मनात मराठी होतं, तोंडातून इंग्रजी आलं."

"म्हणजे येतो म्हणतात, पण येत नाहीत?" मिस्टर ओंगनी विचारलं. अर्धवट उत्तरावर सोडतील तर ते हेडमास्तर कसले.

"येतात. म्हणजे, यायचं असतं."

"आणि ज्याला सांगता तो वाट बघतो?"

नागसेनला घरून निघतानाची वेळ आठवली. नागपुरात, इंदोऱ्यातल्या घराच्या दारात आई उभी होती. रिक्षात बॅग ठेवून तो म्हणाला होता, "बरं, येतो आई." त्यालाही आता चार वर्षं होत आली. कधी येतोस, असं तिनं तेव्हा विचारलं नाही आणि नंतर फोनवरही कधी विचारलं नाही. इतकी चांगली रचलेली शिफ्टची थाप आता त्याला पुढे रेटवेना.

"चार वर्षांपूर्वी आईला येतो म्हणून आलो होतो," तो म्हणाला. "शिफ्ट-बिफ्ट काही नाही. डिसेंबरात तिच्याकडे जायचंय. दरवर्षी पार्टी येते, आणि मला तुम्हाला नाही म्हणता येत नाही."

कोणी हसलं नाही. मिस्टर ओंगनी रोहायांच्या पुढ्यातली वही ओढली आणि राजीनाम्याच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. पत्राची घडी करून त्यांनी ती नागसेनच्या खिशात परत घातली.

"मीटिंगमध्ये आधी जुने विषय घ्यायचे, मग नवे," ते म्हणाले. "तिला तू चार वर्षांपूर्वी येतो म्हणालास, आम्हाला आज. डिसेंबर तिचा. आमचा नंबर जानेवारीत."