उलटं माप

माप पुन्हा आखूडच भरलं.

डेलमारने मापायचा व्हर्नियर पुसला, चष्मा पुसला आणि तेच काडतूस परत मापलं. आकडा जागचा हलला नाही. शेडच्या उघड्या दारातून ऑक्टोबरचं ऊन थेट बाकावर आलं होतं. उजेड कमी पडतो म्हणायचीही सोय नव्हती.

एल्क हरणांच्या शिकारीआधी दर वर्षी तो हे काम करी. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत गोळी सैलसर खोचायची, रायफलीत घालून बोल्ट लावायचा. नळीतले पीळदार आटे जिथे सुरू होतात तिथे गोळी टेकते आणि हवी तेवढी मागे सरकते. ती बाहेर काढून मापायची. मग खरी काडतुसं भरताना गोळी त्याहून केसभर आत बसवायची, म्हणजे आट्यांना टेकत नाही. टेकली तर बार उडताना दाब भलताच वाढतो, आणि नेम धरणाऱ्याचा गाल तिथून वीतभर अंतरावर असतो.

नळी झिजते तसे आटे पुढे सरकतात, म्हणून दर वर्षी माप थोडं वाढायचं. या वर्षी ते चक्क कमी झालं होतं.

"तरुण झालीस की काय तू?" तो रायफलीला म्हणाला. त्याला स्वतःला मात्र हसू आलं नाही.

त्याने खिळ्याला टांगलेलं गेल्या वर्षीचं नमुन्याचं काडतूस काढलं. त्यात दारू नव्हती, ते फक्त मापासाठी ठेवलेलं. मेणबत्तीवर धरून त्याची गोळी काळी केली आणि रायफलीत घातलं. बोल्ट लागेना. जोर करून लावला, काडतूस बाहेर काढलं, तर काजळीवर आट्यांचे स्वच्छ ओरखडे. म्हणजे गेल्या वर्षीही त्याने चुकीचंच मापलं होतं? की आज हात चुकतोय? की दोन्ही?

थोरल्या भावाचं, व्हर्ननचं, असंच सुरू झालं होतं. कुठल्या पुंगळीत दारू घातली आणि कुठल्या नाही, हे त्याला उमजेनासं झालं. त्याची रायफल डेलमारनेच काढून घेतली होती. "ज्याला माप धरवत नाही त्याने बार भरायचा नाही," असं तोंडावर सांगून. व्हर्नन रडला होता, आणि डेलमारला तेव्हा त्याचा रागच आला होता.

त्याची बायको लव्होन कॉफी घेऊन आली. "झालं का तुझं, म्हाताऱ्या? जेवायचंय की गोळ्याच खाणार आहेस?"

त्याने कॉफीचा घोट घेतला. अलीकडे कॉफी पाणचट लागायची. आपली जीभ गेली, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"कर्बीला फोन कर," तो म्हणाला. "जावयाला म्हणावं, रायफल घेऊन जा. यंदा मी शिकारीला येत नाही. यंदा काय, आता येतच नाही."

"का रे?"

"मला माप जमत नाही गं. सकाळपासून घेतोय, दर वेळी उलटंच येतंय. माझा व्हर्नन झालाय."

तो रायफल गवसणीत घालू लागला. सवयीने अंगठा नळीवरून पुढे गेला. मागे एकदा त्याचा घोडा तारेच्या कुंपणावर कोसळला तेव्हा नळीला एक खाच पडली होती. अंगठ्याला ती सापडेना. त्याने दुसरी बाजू चाचपली.

"लव्होन, ती खाच डावीकडेच होती ना?" त्याने विचारलं. "की उजवीकडे?"

लव्होन रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसली.

"डावीकडेच होती. त्या नळीला होती."

"त्या म्हणजे?"

"गेल्या हिवाळ्यात वरची दुर्बीण घट्ट करायला रायफल कर्बीकडे दिलीस ना, तेव्हा त्याने नळी बदलली. मीच सांगितलं. जुनी पार झिजली होती. गेल्या वर्षी नेम चुकला तर महिनाभर धड जेवला नाहीस. आणि विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास. नवी नळी कळू नये म्हणून त्याने तिची चकाकीसुद्धा घासून काढली."

"आणि मी जुन्याच मापाने काडतुसं भरली असती तर?"

"तू?" लव्होनला प्रश्नच कळला नाही. "तू न मापता भरशील असं आमच्या मनातसुद्धा आलं नाही."

डेलमारला हायसं वाटलं आणि संताप आला, आणि आधी कुठलं आलं ते त्याला सांगता आलं नसतं. डोळे ठीक होते, हात ठीक होता, डोकंही ठिकाणावर होतं.

त्याने गोळी पुंगळीत दाबायच्या प्रेसवरचा स्क्रू फिरवून सकाळचं माप लावलं आणि नमुन्याची गोळी तेवढी आत दाबली. पुन्हा काजळी धरली, काडतूस रायफलीत घातलं. बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा लागला. बाहेर काढलं तर काजळी जशीच्या तशी.

"बघ," लव्होन म्हणाली, "जमतंय की सगळं."

कप उचलून त्याने मोठा घोट घेतला आणि तो तोंडात तसाच धरून बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

"लव्होन," घोट गिळून तो म्हणाला, "ही कॉफी तरी नेहमीचीच आहे ना?"

"निवली असेल. दुसरी आणते." तिने त्याच्या हातातून कप काढून घेतला आणि मागे न बघता घराकडे चालू लागली.