उताराला फुल नको

आकडा शंभर होता. सारिकाने चाकावरचा छोटा पडदा ओढणीने पुसला आणि पुन्हा पाहिलं. शंभरच. काल संध्याकाळी सत्तरवर तिने स्वतःच्या हाताने प्लग काढून ठेवला होता.

अंगणात निम्मी वाडी जमली होती. उमरठच्या वरच्या या वाडीत एरवी एवढी माणसं लग्नालाच दिसतात. आज ती सारिका पडते कशी ते बघायला आली होती. तिच्या भावाने, राहुलने, मुंबईत हौसेने विजेची एकचाकी घेतली, आठवड्यात मनगट मोडून घेतलं आणि ते चाक गावाला पाठवून दिलं. सीट नाही, हँडल नाही. दोन बाजूंच्या पट्ट्यांवर उभं राहायचं. पुढे झुकलं की पळतं, मागे रेललं की थांबतं. सारिका ते शिकली. शिकताना दोनदा सपाटून आपटली आणि कोपराची सालटं निघाली. पण पोलादपूरच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली होती. हजेरी नऊची, आणि वाडीत एसटी यायची अकराला. चाक गेलं की नोकरी गेली.

तिच्या वडिलांनी, येसाजी आबांनी, अट घातली होती. "आज माज्या डोळ्यादेखत पोलादपूर गाठ. एकदा जरी पडलीस, तर ते चाक राहुलकडं परत."

बॅटरी भरलेली असणं चांगलंच, असं कोणालाही वाटेल. पण हे चाक उतारावर वेग आवरताना वीज उलटी बॅटरीत ढकलतं. बॅटरी आधीच गच्च असली की त्या विजेला जागाच उरत नाही. चाक आधी टीटी करून ओरडतं, मग हात टेकतं, आणि वरचं माणूस तोंडावर आपटतं. राहुलने फोनवर हे इतक्यांदा बजावलं होतं की सारिकाने स्विचच्या वर भिंतीला कागदच चिकटवला होता. मोठ्या अक्षरांत, आबांनाही वाचता येईल असा: 'उताराला जाताना फुल नको.'

आई गेल्यापासून घरात माणसं दोनच. प्लग कोणी लावला, हे विचारायची गरजच नव्हती.

तिने आबांकडे पाहिलं. त्यांनी टोपी नीट बसवली आणि नजर वळवली. येसाजी म्हणजे दिसेल त्याला फूल वाहणारा माणूस. विहिरीवरच्या मोटारीला फूल, भाताच्या गिरणीला फूल, पहिल्यांदा एसटी आली तेव्हा तिच्या नाकावरसुद्धा झेंडू चिकटवून आलेले. आजही शेजारच्या किशोरच्या मोटारसायकलवर ताजा झेंडू होता. सारिकाच्या चाकावर मात्र पाकळीसुद्धा नव्हती.

पोरगी पडली तरी चालेल, पण आपला शब्द वर राहिला पाहिजे, एवढंच आबांचं म्हणणं दिसत होतं.

भांडायला वेळ नव्हता. थांबली असती तर घाबरली म्हणून बोंब झाली असती. तिने हेल्मेटचा पट्टा आवळला, मनगटांची आणि गुडघ्यांची कवचं चढवली, आणि चाकाचं तोंड फिरवलं. खाली नाही, वर. काळकाईच्या देवळाकडे.

"अगो सारके, पोलादपूर खाली हाय," रंगूबाई कुंपणावरून म्हणाली, आणि अख्खं अंगण हसलं.

हसू दे. त्या चढाला बैलाची जीभ बाहेर येते. तो बॅटरी पिणार नाही तर काय. सारिका देवळापर्यंत गेली, वळली, खाली आली, पुन्हा वर गेली. दुसऱ्या खेपेला हसणारे कमी झाले. ती परत आली तेव्हा आकडा पंच्याऐंशीवर होता. ती अंगणात थांबलीच नाही, तशीच सरळ उताराला लागली. मागे किशोरने घाईघाईने किक मारली आणि येसाजी त्याच्या पाठीमागे बसले.

पहिलं वळण. दुसरं. ती मागे रेलून, गुडघे सैल सोडून उतरत होती. शहाऐंशी. मागच्या वेळी ज्या खड्ड्याने तिला पाडलं होतं तो समोर आला. तिने त्याला वळसा घातला आणि मनातल्या मनात वाकुल्या दाखवल्या. अठ्ठ्याऐंशी. रस्ताभर पसरलेली म्हशींची रांग तिने पायी चालण्याच्या वेगाने पार केली, तेव्हा म्हशींनीही माना वळवून पाहिलं. नव्वद. समोरून येणाऱ्या टेम्पोचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला. चाकाने एकदाही टीटी केलं नाही. शेवटच्या सपाटीवर तिने शरीर पुढे झोकलं आणि वारा कानात भरून घेतला. इतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

पोलादपूरच्या स्टँडसमोर ती उतरली तेव्हा नऊला वीस मिनिटं होती. अंगावर एक ओरखडा नव्हता.

किशोरची गाडी थांबली. येसाजी उतरले आणि लेकीसमोर येऊन उभे राहिले. सारिकाने हेल्मेट काढलं. वाटभर दाबून ठेवलेलं आता ओठांवर आलं.

"जिंकले मी, आबा. आता सांगा, काल प्लग का लावलात?"

"म्हंजे?" येसाजी गोंधळले. "येवढा लांबचा पल्ला, आनि त्येला उपाशी धाडायचं? तुजी आय असती तर तिनं धाडलं असतं?"

"आणि भिंतीवरचा कागद? तो नाही वाचला?"

"वाचला की. दोनदा वाचला." येसाजींनी डोक्यावरची टोपी काढून उलटी धरली. आत एक झेंडू होता, चेपून पार चपटा झालेला. "म्हनून तर हितवर डोक्यावर घिऊन आलो. आता उतार सपला ना गो? आता वाहू फूल?"