वाळीत टाकलेला कॉम्रेड

“तो फोटो आधी उतरवा,” खोलीत पाय ठेवताच श्यामकांतनं सांगितलं.

लालबागच्या चाळीतली ती कम्युनिस्ट पक्षाची खोली. रविवारची सकाळ होती आणि खोलीत दौलत साचेवाला एकटाच सतरंजी झटकत होता. भिंतीवरचा स्टॅलिनचा फोटो त्यानंच दहा वर्षांपूर्वी काच लावून आणला होता. दर दसऱ्याला गिरणीतल्या कापड विणायच्या साच्याला हार घातला, की दुसरा हार तो या फोटोला घालायचा. देवधर्माला नावं ठेवणाऱ्या पुढाऱ्यांनीही त्याला कधी अडवलं नव्हतं.

“का उतरवायचा?” दौलतनं विचारलं.

श्यामकांत गिरगावातला वकील. कामगारांचे वर्ग घ्यायला लालबागला यायचा, बोलणं अगदी स्वच्छ, धुतल्यासारखं. स्टॅलिनला जाऊन तीन वर्षं झाली, तो म्हणाला, आणि आता खुद्द त्याच्याच पक्षानं सांगितलंय, की त्याच्या राजवटीत हजारो निरपराध माणसं मारली गेली. क्रांतीसाठी जन्मभर राबलेल्या कॉम्रेडांना गद्दार ठरवलं, खोटे कबुलीजबाब लिहून घेतले, गोळ्या घातल्या. वर्तमानपत्रांत सगळं छापून आलंय.

“आणि संध्याकाळी इथं संयुक्त महाराष्ट्र समितीची बैठक आहे. सगळ्या पक्षांची माणसं येणार. हा फोटो बघून उगाच फाटे फुटायला नकोत.”

दौलत होता तिथंच सतरंजीवर बसला.

“हेच तर कुशाबा म्हणत होता,” तो म्हणाला.

“कोण कुशाबा?”

आता मात्र दौलतच्या डोक्यात तिडीक गेली. कोण कुशाबा म्हणे. याच खोलीत, याच श्यामकांतच्या वर्गात, सहा वर्षांपूर्वी कुशाबा उठून उभा राहिला होता. रशियात आपल्याच माणसांना गोळ्या घालतात असं ऐकतो, ते खरं का, एवढंच त्यानं विचारलं होतं. हा मालकांचा प्रचार आहे, असल्या माणसाशी संबंध ठेवू नका, असं सांगून श्यामकांत ट्राम धरून घरी गेला. मागं राहिली चाळ. आणि संबंध तोडायची चाळीला एकच रीत ठाऊक होती, कोकणातून येताना गाठोड्यात बांधून आणलेली. जातपात गाडा म्हणून सभेत घसा फोडणाऱ्यांनीच कुशाबाला वाळीत टाकलं. भजनात त्याच्या हाती टाळ देईना कुणी. त्याची बायको राधा नळावर आली, की बाकीच्या बाया हंडे उचलून बाजूला होत. आणि त्याच्या लेकीच्या लग्नाला निघालेल्या माणसांना जिन्यात उभं राहून एकेक करून माघारी धाडणारा कोण? हाच दौलत. कुशाबाबरोबर एकाच बोटीनं मुंबईला आलेला, एकाच ताटात जेवलेला. दोनशे माणसांचा भात शिजला होता त्या दिवशी. पंगतीला बसली ती मुलाकडची माणसं तेवढी.

दौलतनं हे सगळं बोलून दाखवलं. श्यामकांतनं मधेच दोनदा घड्याळ बघितलं.

“उगाच जुनं उकरून काढताय तुम्ही,” तो म्हणाला. “चूक झाली. ती मान्य केली आहे ना आता?”

“कुणापुढं?”

“म्हणजे?”

“कुणापुढं मान्य केली? कुशाबा वरच्या मजल्यावर राहतो. दहा पायऱ्या चढायच्या. चला, त्याच्यापुढं मान्य करा.”

श्यामकांतनं पिशवी खांद्याला लावली. भोईवाड्यात आणखी एका ठिकाणी लोक त्याची वाट बघत होते.

“ते तुमचं तुम्हीच मिटवा, दौलतराव. हा स्थानिक प्रश्न आहे,” असं म्हणून तो निघालासुद्धा.

स्थानिक प्रश्न. सहा वर्षं एका माणसाच्या घरचा घोटभर चहा कुणी प्यायला नाही, पोरीला निरोप द्यायला चाळीतलं चिटपाखरू आलं नाही, आणि या बाबाला तो स्थानिक प्रश्न. धावत जाऊन त्याची गचांडी धरावी असं दौलतला वाटलं. पण लग्नाच्या दिवशी जिन्यात श्यामकांत उभा नव्हता, हे त्याला विसरता येईना. त्यानं फोटो उतरवून कोपऱ्यात ठेवला आणि तो वर गेला.

कुशाबा दाराशी बसून दाढी करत होता. आत राधा सुके बोंबील निवडत होती. दौलतला बघून तिचे हात थांबले. ये म्हणून कुणी म्हटलं नाही, तेव्हा तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“कुशाबा, माझा चुकला रे,” तो म्हणाला. येताना मनात बरंच काही जुळवलं होतं, पण तेवढंच बोलता आलं. “तू तेव्हा बोललंस ता खरा होता.”

कुशाबानं वस्तरा फडक्याला पुसला. तो चिडलेला दिसत नव्हता, आणि दौलतला त्याचंच जास्त लागलं.

“ता माका ठावक आसा,” कुशाबा म्हणाला. “तुका आज कोणी सांगल्यान?”

दौलतनं मान खाली घातली.

“श्यामकांतान.”

“बरा.” कुशाबानं आरसा पुन्हा हातात घेतला. “उद्या तो आणि काय सांगता, ता आयकून मगे ये.”