शेवटी ताईचं शेत

किडेमास्तर वाकला, गव्हाचं एक पान बोटांत उलटं केलं आणि भिंग डोळ्याला लावलं. मावा होता. काल याच जागी इकडे तिकडे चार-दोन किडे होते, आज पानाची मागची बाजू हिरव्या ठिपक्यांनी भरून गेली होती.

"काय रे? वाढलाय का?" ताईनं बांधावरून विचारलं.

"थोडासा," तो म्हणाला. बहिणीशी खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, म्हणून त्यानं मान वर केलीच नाही.

आसपासची सगळी गव्हाची शेतं पाहायचं काम त्याच्याकडे होतं. फाटकातून शिरायचं, नागमोडी चालायचं, ठरलेल्या जागी थांबून पानं उलटायची. मुंग्यांची ये-जा दिसली तर तिथे हमखास बघायचं, कारण मावा गोड चिकट पाणी टाकतो आणि ते चाटायला मुंग्या धावतात. मग मालकाला सांगायचं, फवारा किंवा थांबा. लोक त्याच्या शब्दावर चालत, आणि इतरांच्या शेतात तो शब्द टाकून मोकळा होई.

ताईच्या शेतात तसं जमत नव्हतं. बांधालगत तिच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या आणि तिचा सगळा जीव त्या पेट्यांत. इतक्या जवळ गव्हावर औषध मारलं की माश्या गेल्याच. पेट्या हलवायच्या तरी कुठे? चहूकडे गहू आणि चहूकडे फवारणी. हंगामाच्या सुरुवातीलाच त्यानं तिला सांगितलं होतं, "ताई, तुझ्या शेतावर औषधाचा थेंब पडू देणार नाही. मी स्वतः रोज येऊन बघेन."

शब्दाला तो जागला. दिवसभर बाकीची शेतं तुडवायची आणि शेवटी इकडे यायचं, म्हणजे पाहणी उरकली की ताईच्या मागच्या दारात निवांत चहा पिता येई. निवांत म्हणायचं आपलं. कप हातात आणि नजर गव्हात. एक घोट घ्यायचा, उठायचा, पुन्हा एक पान बघून यायचा.

आजही त्यानं अंगातला कोट काढून दारामागच्या खुंटीला अडकवला आणि तो पायरीवर बसला.

"खिशात साखर बाळगतोस की काय रे?" ताई म्हणाली. "रोज मुंग्या लागतात तुझ्या कोटाला."

"तू चहात घालत नाहीस, मग बाळगावी लागते."

ताई हसली. तेवढ्यात दाजी आले. त्यांचं तोंड चढलेलं होतं.

"मास्तर, तुमचं उद्या बघू, उद्या बघू पुरे झालं. डोळ्यांदेखत पीक चाललंय. वर्षाचा घास आहे तो."

"लाल ढालकिडे आलेत, दाजी. ते मावा खातात. थोडा धीर धरा."

"त्यांचं जेवण होईपर्यंत आम्ही उपाशी बसायचं?"

"फक्त एक करा. माझ्याशिवाय कुणी गव्हात पाय ठेवू नका. ढालकिड्यांना धक्का लागायला नको."

दाजींनी पुटपुटत का होईना, फाटकाला दोरी बांधली. त्या दिवसापासून शेतात एकटा मास्तर शिरू लागला. पूर्वी संध्याकाळी एक फेरी व्हायची, आता दोन व्हायला लागल्या. झोप तर केव्हाच उडाली होती. अंथरुणात पडलं की डोळ्यांपुढे हिरवे ठिपके यायचे.

मावा काही हटेना. मास्तरचा संशय पलीकडच्या शेजाऱ्यावर होता. झुपकेदार मिशांचा शांत माणूस. मास्तर तणतणतच त्याच्याकडे गेला.

"तुमच्याकडून वाऱ्यावर येतोय मावा. वेळेवर बंदोबस्त करायला काय होतं?"

"माझा गहू बघ की," शेजारी म्हणाला. "तुझंच काम ते."

मास्तरनं पाहिला. पान न् पान स्वच्छ. बांधाला लागून असलेल्या ताईच्या ओळीही स्वच्छ. तो खजील होऊन परतला. वाऱ्यानं वरच्या वर उडून आला असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली, पण ती काही पटली नाही.

त्या आठवड्यात ओंब्यांपर्यंत मावा चढला. ढालकिडे कमी पडले. आता थांबणं म्हणजे पीक हातचं घालवणं होतं. मास्तर बांधावर उभा राहिला आणि पेट्यांकडे न बघता म्हणाला, "दाजी, मारा फवारा."

दाजी यंत्र काढायला गेले. ताईनं पेट्यांची दारं ओल्या फडक्यांनी बंद केली. तेवढ्यानं माश्या वाचणार नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं.

"ताई, मला माफ कर."

"वेडा आहेस का?" तिनं पदरानं डोळे पुसले. "तू होतास म्हणून एवढे दिवस तरी राखलं. दिवसभर शिणून रोज कोण आलं असतं रे?"

त्याला तिथे उभं राहवेना. घराचा जिना चढून तो गच्चीवर गेला. वरून सगळं शेत एका नजरेत दिसत होतं. शेजाऱ्याकडची कड हिरवीगार होती. माव्याचे पिवळे डाग मधेच होते, आणि ते विखुरलेले नव्हते. फाटकातल्या दोरीपासून ते निघाले होते, नागमोडी वळत, तो जिथे जिथे थांबायचा तिथे तिथे थांबत, थेट ताईच्या मागच्या दारापर्यंत.

खाली पायरीवर ताई त्याच्या कोटावरच्या मुंग्या झटकत होती.