वास नसलेली प्लेट

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, रुग्णालयाने नमुना पाठवलेल्या मोठ्या प्रयोगशाळेतून फोन आला. प्लेट क्रमांक चारशे सतरा. जंतू ब्रुसेला.

"बंद सुरक्षा-कॅबिनेटमध्ये हाताळली होती ना?" पलीकडून विचारलं.

"बघून सांगतो," म्हणून वरिष्ठ तंत्रज्ञांनी रिसीव्हर ठेवला. बघण्यासारखं काही नव्हतं. गुरुवारी ती प्लेट त्यांनीच उघडली होती. उघड्या टेबलावर. आणि नाकाशी नेली होती.

रुग्णालयात सगळे त्यांना नाककाका म्हणत. रुग्णाच्या रक्तातले, जखमेतले जंतू प्लेटवर वाढले की बाकीचे तपासणी लावून थांबत. नाककाका झाकण उचलून हुंगत. द्राक्षांचा वास आला तर एक जंतू, जळक्या चॉकलेटचा आला तर दुसरा. संध्याकाळी यंत्र बहुतेक तेच नाव सांगे. प्लेट हुंगू नये अशी सूचना भिंतीवर होती. एकतीस वर्षं त्यांचा कोट तिच्यावर टांगलेला होता.

चारशे सतराला वास नव्हता. तिसऱ्या दिवशी दवबिंदूंसारखे बारीक ठिपके उमटले होते, एवढंच. रुग्णाला दीड महिना ताप होता. चिठ्ठीवर व्यवसायाचा रकाना कोरा होता. तो गोठ्यात काम करतो, हे आज कळलं; हा जंतू गुरांकडूनच येतो. काकांनी प्लेट तीनदा हुंगली होती आणि शेजारच्या स्टुलावरच्या शिकाऊ तंत्रज्ञ मुलीपुढे सरकवली होती.

"घे गं पोरी, तुझं नाक अजून नवं आहे."

ती वाकली. मग म्हणाली होती, "काहीच नाही काका."

आता विभागप्रमुख मॅडमनी फॉर्म समोर ठेवला. प्लेट कोणी उघडली, कोणी हुंगली. हा जंतू श्वासातून आत जातो. येणारा-जाणारा ताप, महिनोन् महिने. सांधे धरतात, कधी मणका. काकांनी पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीत तिचं.

मुलगी दारात उभी होती.

"काका, माझ्या नावापुढे गरोदर लिहा. तिसरा महिना आहे. घरीसुद्धा अजून सगळ्यांना सांगितलं नाही."

मॅडमनी चष्मा काढला. या जंतूने गर्भ पडू शकतो, हे त्या खोलीत कोणाला कोणी सांगायची गरज नव्हती. काका खुर्चीत बसले.

"मीच दिली तुला. माझ्या हाताने दिली."

"पण मी हुंगलीच नाही!" ती एकदम म्हणाली. "महिना झाला, मला चहाचासुद्धा वास सहन होत नाही. प्लेट नाकाशी नेते, श्वास धरते, आणि तुमचं तोंड बघून सांगते."

"म्हणजे परवाची ती द्राक्षं?"

"तुम्ही हसलात. द्राक्षांना तुम्ही नेहमी हसता."

"आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो, पोरगी माझ्या वरचढ निघणार म्हणून!" काका हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. पेन उचलून त्यांनी दुसऱ्या ओळीवर काट मारली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी फॉर्म उलटला. मागच्या बाजूला आणखी एक प्रश्न होता. झाकण उघडं असताना पाच फुटांच्या आत कोण होतं?

मेजरिंग टेप दुरुस्ती विभागातून आली. एक टोक काकांनी आपल्या स्टुलाला लावलं, दुसरं तिने तिच्या. आधी तिचं स्टूल खिडकीजवळ होतं, बारा फुटांवर. लांबून काय डोंबल कळणार, म्हणत पहिल्याच आठवड्यात काकांनी ते स्वतः ओढून शेजारी आणलं होतं.

चार फूट दोन इंच.

खोडलेलं नाव काकांनी पुन्हा लिहिलं.

त्याच दुपारी दोघांचं रक्त घेतलं. दोन्ही अहवाल निगेटिव्ह आले. इतक्या लवकर ते निगेटिव्हच येतात, असं मॅडमनी लगेच सांगितलं. काकांना तीन आठवड्यांच्या दोन प्रकारच्या गोळ्या सुरू झाल्या. तिच्या प्रसूतीच्या डॉक्टरांनी बराच विचार करून एकच दिली. पुढची तपासणी दोन आठवड्यांनी. तोवर रोज सकाळी दोघांनी ताप मोजून वहीत लिहायचा आहे. काकांचा कोट आता दाराच्या खिळ्याला असतो.

आज तेरावा दिवस. काकांनी आपला ताप लिहिला, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, आणि वही तिच्याकडे सरकवली. तिने तोंडातला थर्मामीटर काढून उजेडात धरला. काका तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

तिने श्वास धरला होता.