शेवटचा बाक

डेमो लेक्चरला आईला पहिल्या बाकावर बसवून मी शेवटच्या बाकावर गेलो. माझ्या दहावीचा क्लास निवडताना ती अशीच मागं बसली होती, सरांचा आवाज पोचतो का ते पाहायला. आता सहकारी बँकेतल्या माझ्या आईला फायनान्शियल रिस्कची परीक्षा द्यायची होती आणि क्लास मी निवडत होतो.

आधीच्या क्लासमध्ये तिनं शंका विचारली, तर "या वयात कशाला त्रास घेता?" म्हणत सरांनी वेळ मारून नेली होती. त्यामुळे आज ती गप्पच होती. मी मागून मोठ्यानं खाकरलो. तिनं वळून माझ्याकडे डोळे वटारले, मग हात वर केला.

"सगळी कर्जं एकदमच बुडायला लागली, तर फळ्यावरचं हे जोखमीचं गणित टिकेल?"

शिकवणाऱ्या बाई थांबल्या. "नाही टिकणार. पुढचा सगळा आठवडा त्यावरच आहे. सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा विचारा."

आई उभी राहिली. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचला.

बाहेर आईचं नाव लिहून घेताना काउंटरवरच्या मुलीनं सवयीनं विचारलं, "आणि पालकांचा नंबर?" विचारून तीच ओशाळली.

मी ऐटीत माझा सांगितला.